घरात मयत झाल्यावर रजा कशी घ्यायची: पहिल्या मेसेजपासून वर्षश्राद्धापर्यंत

कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत असो, शाहूपुरीतल्या ऑफिसात असो की गोकुळ शिरगावच्या गोडाऊनमध्ये, घरात मयत झाली की प्रश्न एकच असतो: किती दिवस सुट्टी मिळेल? उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. खाजगी नोकरीत जवळचं माणूस गेलं म्हणून इतके दिवस भरपगारी रजा द्यायलाच हवी, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. एचआरवाले ज्याला बिरीव्हमेंट लीव्ह म्हणतात ती शोकरजा कंपनीच्या धोरणातून किंवा युनियनच्या करारातून येते. तिथे लिहिलेली असेल तर तो तुमचा हक्क. नसेल तर दुसऱ्या रजा जोडून तेरा दिवस भरून काढावे लागतात.

जोडणीचा क्रम साधारण ठरलेला आहे. शोकरजा असेल तर आधी ती, मग किरकोळ (कॅज्युअल लीव्ह), मग हक्काची म्हणजे काम भरून कमावलेली ईएल किंवा पीएल, आणि शेवटी बिनपगारी. या क्रमात चूक झाली तर दोन-चार दिवसांचा पगार जातो. कळवण्यात चूक झाली तर नोकरीवर बेततं, आणि ती चूक बहुतेक पहिल्या दिवशीच होते. म्हणून सुरुवात तिथून.

पहिला दिवस: निरोप नको, मेसेज

आपल्याकडची पद्धत अशी की शेजारचा किंवा त्याच शिफ्टचा दोस्त मातीला येतो आणि त्यालाच सांगितलं जातं, "साहेबांना तेवढं सांग." तो सांगतोही. पण साहेब टाईम ऑफिसला कळवत नाहीत, मस्टरवर खाडा पडतो, आणि तीन आठवड्यांनी पगाराची स्लिप हातात आल्यावर शोधाशोध सुरू होते. तोवर कोण कुणाला काय बोललं हे कुणालाच आठवत नाही.

शिफ्ट सुरू होण्याआधी, ते नाही जमलं तर त्याच दिवशी, दोन ठिकाणी लेखी मेसेज गेला पाहिजे: थेट वरिष्ठाला, आणि एचआर किंवा टाईम ऑफिसला. व्हॉट्सॲप चालतं, ईमेल असेल तर आणखी चांगलं. फोन जरूर करा, पण फोननंतर मेसेज टाकाच. तुम्ही त्या अवस्थेत नसाल तर घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे फोन द्या आणि तुमच्याच नंबरवरून मेसेज पाठवायला सांगा. दुसऱ्याच्या नंबरवरून गेलेला मेसेज नंतर शोधायला त्रास होतो.

मजकूर एवढा पुरे: "साहेब, आज पहाटे ४ वाजता माझे वडील वारले. अंत्यविधी सकाळी ११ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत आहे. मी आजपासून कामावर येऊ शकत नाही. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी आहे, त्याच दिवशी रजेचा अर्ज पाठवतो. माझा विभाग मशीन शॉप, फर्स्ट शिफ्ट, टोकन नंबर अमुक. माझा फोन लागला नाही तर माझ्या मेहुण्यांच्या अमुक नंबरवर बोलावे."

यात चार गोष्टी मुद्दाम आहेत. नातं स्पष्ट लिहिलंय. नुसतं "घरी मयत झाली" किंवा "सुतक आहे" लिहिलं तर धोरणात बसणारं नातं आहे की नाही हे समोरच्याला कळत नाही, आणि एचआर पुण्यात किंवा बाहेरच्या राज्यात बसलेला असेल तर सुतक म्हणजे किती दिवस हेही त्याला ठाऊक नसतं. पुढची तारीख दिलीय, त्यामुळे तुम्ही बेपत्ता ठरत नाही. टोकन नंबर आहे, म्हणजे मस्टरवाल्याला शोधावं लागत नाही. दुसऱ्याचा फोन नंबर आहे, कारण त्या दिवसांत तुमचा फोन कुठे चार्जिंगला पडलेला असतो ते तुम्हालाच माहीत नसतं. कपाटाची किल्ली, मशीनचा चालू जॉब, बँकेत भरायचा चेक असं काही तुमच्याकडे अडकलं असेल तर त्याची एक ओळ वाढवा.

तुमचा हक्क कुठल्या कायद्यातून येतो

कारखान्यातल्या कामगाराला हक्काची रजा जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ ने मिळत आली: वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी दिवस. २४० ला २० ने भागा, १२ दिवस येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती या विषयावरच्या २०२० च्या संहितेच्या कलम ३२ मध्ये ही अट १८० दिवसांवर आली आहे. २० दिवसांना एक हा दर तोच, आणि शिल्लक ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येते. मागितलेली रजा मालकाने नाकारली असेल तर ती या ३० च्या मर्यादेबाहेर साठते. हे फार कमी जणांना माहीत असतं, आणि म्हणूनच नकार लेखी घेऊन ठेवायचा असतो.

किरकोळ रजा कारखान्याच्या कायद्यात नाही. ती करारात किंवा नेमणूकपत्रात असते. "सगळ्यांना मिळते, मग मलाही मिळणारच" असं गृहीत धरू नका.

दुकान, ऑफिस, हॉटेल, शोरूम, आयटी कंपनी यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागतो. इथे किरकोळ रजा कायद्यातच आहे: वर्षाला ८ दिवस, भरपगारी, तीन-तीन महिन्यांनी खात्यात जमा होणारी आणि वर्ष संपलं की बुडणारी. शिवाय २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांना एक हक्काची रजा, साठवायची मर्यादा ४५ दिवस. मूळ कायदा १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी होता. २०२५ मध्ये राज्य सरकारने हा आकडा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. महाद्वार रोडवरच्या पाच माणसांच्या दुकानात हे कलम आधीही लागत नव्हतं. १२-१५ माणसांच्या ठिकाणी मात्र आता नेमणूकपत्रात काय लिहिलंय ते पाहूनच बोला.

राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची स्थिती बरी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते. १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होतात आणि साठा ३०० पर्यंत जातो. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस. ती खाजगी कारणासाठीही मिळते, डॉक्टरचा दाखला लागत नाही. नैमित्तिक रजा ८ दिवस, पण ती अर्जित रजेला जोडता येत नाही. पहिले तीन दिवस नैमित्तिक आणि पुढचे दहा अर्जित असा अर्ज केला तर तो परत येतो. तेरा दिवस घ्यायचे असतील तर सुरुवातीपासूनच अर्जित मागा आणि नैमित्तिक पुढच्या किरकोळ कामांना राखा.

कंत्राटी कामगाराचा मालक कंत्राटदार असतो. मेसेज त्याच्या सुपरवायझरला जायला हवा आणि त्याची प्रत कंपनीच्या टाईम ऑफिसला. फक्त कंपनीच्या साहेबांना सांगितलं तर कंत्राटदार म्हणतो, मला कुठे माहीत होतं? इचलकरंजीच्या यंत्रमागावर पीस रेटने काम करणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा बदली माणूस देण्यापलीकडे काही नसतं. कागदावर कामगार म्हणून नोंद असेल तर हक्काची रजा त्यालाही लागते, पण ती नोंद आहे का हे मयत झाल्यावर शोधून उपयोग नाही.

नवीन लागलेल्या माणसाचं सगळ्यात अवघड. दोन महिने झाले असतील तर हक्काची रजा अजून खात्यात नसते. त्याने सरळ बिनपगारी मागावी आणि ती मंजूर झाल्याचं लेखी घ्यावं.

तेरा दिवसांचा हिशोब

हा भाग कागद-पेन घेऊन करा. समजा कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आहे, आणि बुधवारी सकाळी वडील गेले. बुधवार पहिला दिवस, शुक्रवारी रक्षाविसर्जन, पुढच्या शुक्रवारी दहावा, रविवारी बारावा, सोमवारी तेरावा. कामावर परत मंगळवारी. कॅलेंडरचे दिवस तेरा, पण त्यात दोन सोमवार आहेत. म्हणजे रजा लागते ११ दिवसांची.

कंपनीच्या धोरणात ३ दिवस शोकरजा असेल आणि किरकोळ २ शिल्लक असतील, तर ३ अधिक २ अधिक ६ हक्काच्या, अकरा पूर्ण. धोरणात काहीच नसेल तर अकराच्या अकरा हक्काच्या जातात. २४० दिवस भरणाऱ्याची वर्षाची कमाई बारा असते हे लक्षात घेतलं की एका मयतीने वर्षाची रजा कशी संपते ते कळतं.

आता त्या दोन सोमवारांकडे या. काही ठिकाणी रजेच्या मधे आलेली साप्ताहिक सुट्टी रजेतच मोजतात. त्याला सँडविच म्हणतात. कारखान्यातल्या हक्काच्या रजेला हे लागू होत नाही. कलम ७९ मध्ये रजेच्या मधल्या किंवा दोन्ही टोकांच्या सुट्ट्या रजेतून वगळल्या होत्या, आणि संहितेच्या कलम ३२ मध्येही तसंच आहे. किरकोळ रजा किंवा शोकरजेला मात्र कंपनीचा स्वतःचा नियम चालतो. सरकारी नोकरीत अर्जित रजेच्या पोटात आलेली सुट्टी मोजली जाते, पण आधीची आणि नंतरची सुट्टी परवानगीने जोडता येते. म्हणून सरकारी अर्जात "रविवारची सुट्टी रजेस जोडण्याची परवानगी मिळावी" ही ओळ लागतेच.

पैशात सांगायचं तर महिना १८,००० पगार असेल आणि कंपनी २६ ने भागत असेल तर एक दिवस ६९२ रुपयांचा. दोन सोमवार चुकीने बिनपगारी धरले तर जवळपास १,३८५ रुपये गेले. ३० ने भागणाऱ्या कंपनीत तोच दिवस ६०० चा. कंपनी कितीने भागते हे मागच्या कुठल्याही खाड्याच्या महिन्याच्या स्लिपवरून काढता येतं.

सगळ्यांनाच तेरा दिवस सलग लागतात असं नाही. ज्याने अग्नी दिला त्याला बहुधा घर सोडता येत नाही. धाकटा भाऊ किंवा जावई मात्र रक्षाविसर्जनापर्यंत तीन दिवस घेऊन कामावर येतो आणि दहाव्या-बाराव्याला पुन्हा जातो. कोल्हापूरच्या गावांत काही घरांत रक्षाविसर्जनाच्या दिवशीच उत्तरकार्य आटपतात, तिथे चार-पाच दिवसांत भागतं. तुकड्यांत घ्यायची असेल तर दोन्ही तुकडे एकाच अर्जात लिहा. वेगळा अर्ज केला की दुसऱ्या वेळी "परत कशाला?" असं विचारणारा कोणीतरी भेटतोच. कलम ७९ ने हक्काची रजा वर्षातून तीन वेळाच घेता येत असे, आणि बऱ्याच कंपन्यांच्या नियमात ही ओळ अजून तशीच आहे. मुसलमान घरांत तिसऱ्या दिवसाच्या जियारतपर्यंत पुरुषांचं बहुधा निभावतं. विधवेची इद्दत, म्हणजे घरात राहून पाळायचा शोकाचा काळ, चार महिने दहा दिवसांची असते आणि तिला रजेचा कुठलाही साठा पुरत नाही. तिथे सुरुवातीलाच साहेबांशी बोलून हक्काची रजा, मग बिनपगारी आणि जमत असेल तर घरून काम अशी तारीखवार मांडणी लेखी करून घ्यावी.

अर्ज

रक्षाविसर्जनाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्ज गेला की पुरे. दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. स्वतः जाता येत नसेल तर दोस्ताकडे दोन्ही प्रती द्या, पोच तो घेईल. नमुना असा:

"विषय: वडिलांच्या निधनामुळे रजा मंजूर करणेबाबत. महोदय, माझे वडील अमुक तारखेला निधन पावले. त्याची कल्पना मी त्याच दिवशी सकाळी मेसेजने दिली आहे. अंत्यविधी व उत्तरकार्यासाठी मला अमुक ते अमुक तारखेपर्यंत, दोन साप्ताहिक सुट्ट्या वगळून ११ दिवसांची रजा हवी आहे. ती पुढील क्रमाने मंजूर करावी: शोकरजा ३, किरकोळ २, हक्काची ६. शिल्लक कमी असल्यास उरलेले दिवस बिनपगारी रजा म्हणून मंजूर करावेत. प्रसंग अचानक उद्भवल्याने १५ दिवस आधी अर्ज करणे शक्य नव्हते. अमुक तारखेला फर्स्ट शिफ्टला मी हजर राहीन."

१५ दिवसांची ओळ का? जुन्या कलम ७९ मध्ये हक्काच्या रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा होता आणि त्यातून सूट होती ती आजारपणाला. मयतीचा उल्लेखच नव्हता. कंपन्यांचे छापील फॉर्म अजून त्याच साच्याचे असतात. बहुतेक व्यवस्थापक यावर अडत नाहीत, पण एखादा अडला तर अर्जात उत्तर आधीच आहे.

"बिनपगारी रजा म्हणून मंजूर करावेत" हे शब्द गाळू नका. बिनपगारी रजा आणि गैरहजेरी यांत पगाराच्या दृष्टीने फरक नाही, दोन्हीकडे शून्य. शिस्तीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. नमुना स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांत, १० दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं जातं. रजा संपूनही आला नाहीत तर ८ दिवसांत येऊन कारण सांगावं लागतं, नाहीतर जागेवरचा हक्क जातो. तेरा दिवस नुसतं न सांगता बसणारा माणूस बरोबर या कात्रीत सापडतो.

एक सल्ला मात्र कितीही जणांनी दिला तरी घेऊ नका: "डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून आजारी दाखव." पेपरात रक्षाविसर्जनाची वेळ छापून आलेली असते, निम्मा विभाग स्मशानात येऊन गेलेला असतो, आणि अर्जात मात्र टायफॉईड. खरं कारण असताना खोटा कागद दिला तर कारवाई त्या कागदावर होते.

कागद कुठून, किती दिवसांत

रजेसाठी मृत्यूचा दाखला पहिल्या आठवड्यात मिळेलच असं नाही. तोवर स्मशानभूमीतली पावती, हॉस्पिटलचा मृत्यूबाबतचा कागद किंवा पेपरातल्या निधनवार्तेचं कात्रण लावा आणि अर्जात लिहा, "दाखला मिळताच सादर करतो."

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. इथे एक चूक वारंवार होते. नोंद राहत्या गावी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. राधानगरी किंवा शाहूवाडीचा माणूस कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात गेला तर दाखला कोल्हापूर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून मिळतो, गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून मिळत नाही. गावात घरीच गेला तर ग्रामपंचायतीत. नोंद करताना आधार कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच सांगा. नंतर दुरुस्तीला जो वेळ जातो तो अक्षरशः कामाचे दिवस खातो. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. रजेला झेरॉक्स पुरते. बँक, विमा आणि वारसनोंदीला जास्त लागतात.

नात्याचा पुरावा म्हणून आधार किंवा रेशनकार्ड चालतं. लग्न झालेल्या मुलीच्या आधारावर नवऱ्याचं नाव असतं, त्यामुळे वडिलांच्या दाखल्याशी तिचं नाव जुळत नाही. तिने शाळा सोडल्याचा दाखला किंवा लग्नाच्या नोंदीचं प्रमाणपत्र जोडावं. मूळ कागद कधीही देऊ नका.

ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेबद्दल एक गैरसमज. अंत्यविधीसाठी मिळणारे १५,००० रुपये विमाधारक कामगार स्वतः वारला तर त्याच्या घरच्यांना मिळतात. त्याचे वडील किंवा आई वारली तर नाही.

कुठलं नातं धोरणात बसतं

भांडणं इथेच होतात. धोरणात "जवळचे कुटुंबीय" म्हणून सहसा आई, वडील, नवरा-बायको, मुलं, कधी भाऊ-बहीण असतात. सासू-सासरे असतील किंवा नसतील. आजी-आजोबा, चुलता-चुलती क्वचितच. एकत्र कुटुंबात ज्या चुलत्याने वाढवलं त्याचं सुतक सख्ख्या बापाइतकंच पाळलं जातं, पण धोरण लिहिणाऱ्याला ते घर माहीत नसतं. अशा वेळी शोकरजेचा हट्ट धरून अर्ज अडकवू नका. किरकोळ आणि हक्काची रजा कुठल्याही कारणासाठी असते, नातं विचारण्याचा प्रश्न येत नाही. तीच मागा आणि शोकरजेबद्दल वेगळी विनंती करा.

"अवलंबून असलेले" हा शब्द दिसला तर सावध व्हा. तो मेडिक्लेमच्या फॉर्ममधून रजेच्या धोरणात शिरतो, आणि मग लग्न झालेल्या मुलीला सांगितलं जातं की तुमचे वडील तुमच्यावर अवलंबून नव्हते. रजेच्या बाबतीत हा निकष कशाला हवा, हे एचआरला लेखी विचारा. बऱ्याच वेळा तो विचार न करता छापलेला असतो आणि विचारलं की सुटतो. परदेशी कंपनीसाठी इथे बसून काम करणाऱ्यांनीही भ्रमात राहू नये. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून १८ वर्षांखालचं मूल गेल्यास आई-वडिलांना दोन आठवडे रजा आहे, पण ती तिथल्या नोकरीला. तुमच्या नेमणूकपत्रावर भारतातल्या ज्या कंपनीचं नाव असेल तिचंच धोरण तुम्हाला लागतं.

बाळ गेलं तर

इथे कायदा स्पष्ट आहे, आणि तरीही बायकांना आठ दिवसांत कामावर बोलावलं जातं. गर्भपात झाला, आपोआप किंवा कायदेशीर करावा लागला, तर आधी मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ प्रमाणे आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्यानंतर सहा आठवडे भरपगारी रजा मिळते. डॉक्टरचा दाखला लागतो. बाळ मृत जन्माला आलं तर तो गर्भपात धरत नाहीत. कायद्यातल्या "मूल" या शब्दात मृत जन्मलेलं बाळही येतं, त्यामुळे पूर्ण प्रसूती रजा लागू होते: हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे, दोन किंवा जास्त असतील तर १२. आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. केंद्र सरकारी कर्मचारी महिलांसाठी सप्टेंबर २०२२ पासून, बाळ मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लवकरच गेल्यास, ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा आहे. वडिलांसाठी खाजगी नोकरीत असं काही नाही, त्याने वरचाच हिशोब करायचा.

नाकारली, किंवा पगार कापला

आधी नकाराचं कारण लेखी मागा, भांडायच्या सुरात नको: "रजा का नाकारली ते कृपया कळवावे, म्हणजे मला त्याप्रमाणे पुढील अर्ज करता येईल." निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, कारण मयतीची रजा नाकारल्याचं स्वतःच्या सहीने लिहायला कुणी तयार होत नाही.

कारणे दाखवा नोटीस आली तर तिच्यात दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, सुतक संपायची वाट पाहू नका. उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल: कोण गेलं, कधी कळवलं, अर्जाची पोच, दाखला. राजीनामा लिहून मागितला तर त्या दिवशी तरी सही करू नका.

पगार कापला असेल तर स्लिप आणि अर्जाची पोच घेऊन आधी एचआर, मग युनियन असेल तर युनियन, मग कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. कामावरूनच काढलं तर वकील किंवा युनियनकडे ताबडतोब जा. अनुचित कामगार प्रथेची तक्रार १९७१ च्या राज्य कायद्याखाली ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि तेरा-चौदा दिवस तर घरीच गेलेले असतात.

परत कामावर

पहिल्या दिवशी टाईम ऑफिसला जाऊन मस्टर बघा. रजेच्या रकान्यात काय लिहिलंय? शोकरजा, किरकोळ, हक्काची हे आकडे अर्जाशी जुळतात का? पगार निघायच्या आधी चूक पेन्सिलची असते, नंतर ती पुढच्या महिन्याच्या फरकात जाते. बिनपगारी दिवस असतील तर त्या दिवसांचा पीएफही पडत नाही आणि बोनसचा हिशोबही तेवढा खाली येतो. हजेरी भत्ता भरपगारी रजेवर कापतात की नाही हे प्रत्येक कंपनीत वेगळं, ते विचारून घ्या.

भट्टीवर, पॉवर प्रेसवर किंवा क्रेनखाली काम असेल तर सुपरवायझरला सांगून पहिले दोन-तीन दिवस दुसरं काम मागा, आणि नाईट शिफ्ट तर नकोच. दहा-बारा रात्री धड झोप नाही, खाण्याच्या वेळा बिघडलेल्या, लक्ष घरात. वितळलेल्या धातूचा लॅडल ओतताना हात अर्धा सेकंद उशिरा वळला तरी काय होतं ते फाउंड्रीतल्या माणसाला सांगायला नको. झोप येतच नसेल, काम सुधरत नसेल, तर ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी विश्रांती लिहून दिली तर पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळतो. त्यासाठी आधीच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे आजारपण खरं आहे, वर सांगितलेल्या टायफॉईडसारखं नाही.

शेवटचं एक काम कॅलेंडरवर करून ठेवा. वर्षश्राद्धाला पुन्हा एक-दोन दिवस लागतात आणि तेव्हा किरकोळ रजा संपलेली असते. ते तिथीने येतं, तारखेने नाही. एरवी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतं, पण मधे अधिक महिना आला तर पुढे जातं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तारीख अंदाजाने धरू नका, पंचांगातून काढून घ्या. आणि अर्ज पंधरा दिवस आधी टाका. या सगळ्यात आधी कळवता येईल अशी ही एकच रजा आहे.